अ‍ॅशखाली अळंबी आली म्हणून झाड कापायचं का?

ओहायोकर: परवा एकाने लिहिलं होतं, "बुंध्याशी अळंबी दिसली म्हणजे मूळ सडलं, बुरशीनाशक ओता नाहीतर झाड पाडा." खाली सगळे बरोबर बरोबर म्हणतायत. तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून लिहितोच. माझ्या इथल्या, अमेरिकेतल्या अंगणात अ‍ॅशचं मोठं झाड आहे, उन्हाळ्यात चांगला पाऊस झाला की त्याच्याखाली तपकिरी अळंबी येतात, खालून पिवळी जाळी, देठ मधोमध नाही, कडेला. नाव बोलेटिनेलस मेरुलिऑइडिस. ही मूळ खात नाही हो! खुरप्याने थोडी माती उकरली तर बारीक कडक काळपट गाठी लागल्या. एक नखाने फोडली, आत पोकळ, आणि त्यात पांढरी लोकर पांघरलेला मावा किडा. मावा मुळाचा रस पितो, गोड चिकट पाणी सोडतो, त्यावर बुरशी पोसते, आणि ती त्याच्याभोवती घर बांधते, त्याच या गाठी. ब्रंड्रेट आणि केंड्रिक या संशोधकांनी १९८७ मध्येच हे लिहून ठेवलंय. इकडची अ‍ॅश मारतोय तो हिरवा भुंगेरा, २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला तो. सालीवर डी अक्षरासारखी भोकं शोधा, अळंबी काय बघता?

द्राक्षवाला निफाड: दादा सगळं वाचलं. पण मावा खूश, बुरशी खूश, आणि बिल कोण भरतंय? झाड. दोन चोरांनी मिळून घर केलं म्हणून ते सज्जन होत नाहीत. माझ्या बागेत मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण आला, मुंग्या लागल्या, घडावर चिकटा आणि त्यावर काळी बुरशी, व्यापाऱ्याने क्रेट उघडून बघितलं आणि तसाच माघारी फिरला. घरात लग्न होतं त्या वर्षी. मला बुरशी आणि किड्याची मैत्री सांगू नका.

ओहायोकर: त्या वर्षाचं वाईट वाटलं, मनापासून. पण तुमची काळी बुरशी चिकट्यावर नुसती वाढते, मिलीबगला काही देत नाही. इथे देणंघेणं दोन्हीकडून आहे. चीनमध्ये युन्नानला फ्लेबोपस पोर्टेंटोसस नावाची अळंबी आहे, ती तर मुळांवरच्या मिलीबगभोवतीच गाठी करते, लोक आवडीने खातात, लागवडसुद्धा करतात.

द्राक्षवाला निफाड: खाऊ देत. मुळावर मिलीबग म्हणजे माझ्यासाठी कीडच.

फोंड्याचा: तुम्ही अ‍ॅशवर भांडताय, इथे आमची रोयणीची, म्हणजे वारुळावरची अळमी संपत चालली त्याचं कोणाला काही नाही! किडा आणि बुरशीची खरी भागीदारी ती. वाळवी पालापाचोळा, लाकूड, मेलेली मुळं नेते, वारुळात पोळ्यासारखे मळे करते, त्यावर टर्मिटोमायसीस नावाची बुरशी वाढवते आणि तेच खाते. अळमी म्हणजे याच बुरशीची छत्री. तीनेक कोटी वर्षं चाललंय हे. आणि आता रस्त्याकडेला कळ्याच विकायला बसतात, छत्री उघडायच्या आत उपटलेल्या. विकणाऱ्यांनाच थांबवायला हवं.

सावंतवाडीची सून: विकणाऱ्या म्हणजे कोण? माझी सासू तीस वर्षं अळंबी विकत होती, त्यावर मुलांची दप्तरं आली. ती देठ हलकेच पिळून काढायची, वारूळ कधी उकरलं नाही, आधी हात जोडायची, आमच्याकडे सातेरी देवी वारुळातच असते. घरामागच्या वारुळात आषाढात टोपलीभर यायची. शेजारी बंगला झाला, बांधणाऱ्याने जोत्याला वाळवीचं औषध मारलं आणि उरलेलं आमच्या वारुळात ओतलं. पुढच्या आषाढात एक नाही. सासू रोज सकाळी जाऊन बघायची. आणि तुम्ही बायकांना थांबवायला निघालात?

फोंड्याचा: ताई, सासूबाईंबद्दल नाही बोललो. पण कळीचं ऐका. छत्री उघडली तरच बी उडतं, आणि बहुतेक वाळव्यांच्या नव्या वारुळाला बुरशी आपल्या आईकडून मिळत नाही, कामकरी वाळव्या बाहेर पडलेलं बी गोळा करून आणतात. सगळ्या कळ्या खुडल्या तर ती नवी वसाहत उपाशी मरते.

सावंतवाडीची सून: हे मला माहीत नव्हतं. सासू मात्र दोन-चार उघडलेल्या तिथेच ठेवायची, म्हणायची देवीच्या आहेत. पण जेसीबी आणि औषध आधी थांबवा, मग कळ्यांचं बोला.

फोंड्याचा: जेसीबीचं मान्य. कळ्यांचं सोडणार नाही.

द्राक्षवाला निफाड: विषय कुठे गेला. ओहायोकर, सरळ सांगा, झाडाचं नुकसान होतं की नाही?

ओहायोकर: रस जातो, होय. माव्याचा त्यात फायदा आणि झाडाचा तोटा, हे तुमचं बरोबर. पण माझं झाड मोठं आहे, इतक्या वर्षांत एक फांदी वाळली नाही. मीही औषध देतोच, भुंगेऱ्यासाठी दर दोन वर्षांनी खोडात टोचून घेतो. ज्याने झाड मरतं त्याला द्या. ज्याने मरत नाही त्यासाठी मातीत विष का ओतायचं?

द्राक्षवाला निफाड: एवढं पटलं. मोठ्या झाडाला चालून जाईल, वेलीला नाही. मी मुळाशी ड्रेंचिंग करायचो, म्हणजे औषधाचं पाणी ओतायचो, ते मूळ न बघताच, दुकानदाराने सांगितलं म्हणून. रविवारी दोन वेली उकरून बघतो. मिलीबग दिसला तर ठेवणार नाही, हे आत्ताच सांगतो.

सावंतवाडीची सून: उकरून बघा, फोटो टाका. आणि बांधावर वारूळ असेल तर त्याला हात लावू नका.