स्विच लाईटवर पहिला आरपीजी: ड्रॅगन क्वेस्ट ११ एस की विचर ३?

पार्क_चौक
कन्सोल निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा स्विच लाईट. खेळणं मुख्यतः हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये सोलापूर–पुणे, बाकी रात्री घरी तासभर. आरपीजीत (पात्र घडवत, कथा पुढं नेत खेळायचे गेम) नवखा आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस' आणि 'विचर ३' यांतला एकच घ्यायचाय. कोणता, आणि का? "दोन्ही भारी" हे उत्तर नको.

शेंगाचटणी
डोळे झाकून ड्रॅगन क्वेस्ट. लढाई पाळीपाळीनं होते. टीसी आला, कुर्डुवाडीला चहावाला आला, मान वर केली तरी समोरचा राक्षस तुमच्या हुकमाची वाट बघत उभा. विचरमध्ये तेवढ्या वेळात मेलात.

सुरुवातीलाच दोन गोष्टी करा. सेटिंगमध्ये लढाईचा वेग 'अल्ट्रा फास्ट' ठेवा, मूळ वेगावर कंटाळा येतो. दुसरं, साथीदारांचे 'टॅक्टिक्स' (लढायची पद्धत) बघा. 'फाईट वाईजली'वर असतील तर ते आपल्या मनानं लढतात, मंत्रांची शक्ती नको तिथं उधळतात. मोठ्या बॉसला (टप्प्याच्या शेवटचा तगडा शत्रू) सगळ्यांना 'फॉलो ऑर्डर्स'वर आणा. आणि क्रेडिट्स आले म्हणून गेम संपला समजू नका, पुढं एक अख्खा भाग आहे.

पैसे घालायच्या आधी ईशॉपवरचा (निन्टेन्डोचं ऑनलाइन दुकान) फुकट डेमो खेळा. साधारण १० तासांचा आहे, आणि त्यातलं सेव्ह पुढं पूर्ण गेममध्ये चालतं.

मेकॅनिकी_चौक
१० तासांचा डेमो लागतो, कारण तोवर गेममध्ये काही घडतच नाही! गावातला पोरगा, तोच निवडलेला वीर, मग एकेक साथीदार गोळा करत फिरणं. शत्रू इतके मऊ की नुसतं हल्ल्याचं बटण दाबत गेलं तरी चालतं. नवख्याला आरपीजी म्हणजे काय ते दाखवायचं असेल तर विचर द्या. छोट्यातल्या छोट्या कामगिरीतही माणसं खरी वाटतात, आणि निवडीचे परिणाम बऱ्याच वेळानं अंगावर येतात.

टीसीचं म्हणाल तर पॉवर बटण एकदा दाबा, कन्सोल स्लीपमध्ये जातो. लढाईच्या मधोमधही गेम आहे तिथं गोठतो, नंतर तिथूनच सुरू. उलट ड्रॅगन क्वेस्टमध्ये हातानं सेव्ह करायला चर्च नाहीतर मुक्कामाची जागा शोधा. विचरमध्ये लढाई नसली की कुठंही सेव्ह. शिवाय 'कम्प्लीट एडिशन' घेतलं तर दोन्ही मोठे विस्तार (जोडकथा) आतच आहेत, वेगळे पैसे नाहीत.

शेंगाचटणी
मऊ वाटतंय त्यांच्यासाठी 'ड्रॅकोनियन क्वेस्ट' म्हणजे गेम अवघड करायचे पर्याय आहेत ना. नवा गेम सुरू करतानाच त्यातला शत्रू ताकदवान करायचा पर्याय लावा, मग नुसत्या हल्ल्यानं काय होतंय ते बघा. मात्र ते तेव्हाच लावता येतं. पुढं चर्चमध्ये जाऊन काढता येतं, पण एकदा काढलं की परत लागत नाही. नवख्यानं ते न लावलेलंच बरं.

स्लीपचं अर्धंच सांगितलंत. गोठलेला गेम सेव्ह झालेला नसतो. घरी कुणी दुसरा गेम सुरू केला की पहिला बंद होतो, बॅटरी पार बसली तरी गेला. ड्रॅगन क्वेस्ट नव्या भागात शिरताना आपोआप सेव्ह करतो, त्यामुळं चर्चचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

आता विचर लाईटवर दिसतो कसा? पडदा साडेपाच इंची, ७२० पी (चित्राची स्पष्टता). विचर हातात धरून जास्तीत जास्त ५४० पी पर्यंत जातो. लांबची झाडं धुवट, मेनूतली अक्षरं मुंगीएवढी. नोव्हिग्राड शहरात आणि दलदलीत गेम अडखळतो. हलत्या डब्यात हे वाचत बसायचं?

मेकॅनिकी_चौक
धुवट दिसतं हे मान्य, पण उपाय आहे. नंतरच्या अपडेटनं चित्राचे पर्याय आलेत. त्यात 'मोशन ब्लर' आणि 'डेप्थ ऑफ फील्ड' बंद करा, 'शार्पनिंग' चालू ठेवा. फरक लगेच कळतो. संवादांची अक्षरं मोठी करता येतात, मेनूची नाही, ते खरंय. घरी पीसीवर स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन दुकानांतली प्रत असेल तर सेव्ह इकडून तिकडं नेता येतं, म्हणजे गाडीत स्विच, घरी मोठा पडदा. ड्रॅगन क्वेस्टला ही सोय आहे का?

शेंगाचटणी
त्यांच्याकडं पीसी आहे असं कुठं म्हणाले ते?

जुळे_सोलापूर
भांडा निवांत. पण विचर डाउनलोड करणार असाल तर आधी मेमरी कार्ड घ्या. लाईटची आतली जागा ३२ जीबी, त्यातली सिस्टिमनं खाऊन उरते २५ च्या आसपास. विचर एकटाच ३२ च्या घरात, बसणारच नाही. कार्ट्रिजवर (कन्सोलमध्ये घालायचं गेमचं छोटं कार्ड) मात्र सगळा मावतो, आणि खेळून झाल्यावर विकताही येतो. कार्ट्रिजला रीजनचं बंधन जवळपास नाही.

ईशॉप भारतासाठी नाही, म्हणून खातं बाहेरच्या रीजनचं काढावं लागतं. आपली कार्डं तिथं बऱ्याचदा नाकारली जातात, मग गिफ्ट कार्ड. ते खात्याच्याच रीजनचं हवं. खात्यात शिल्लक असताना रीजन बदलता येत नाही.

अक्कलकोट_रोड
स्टीम डेक घ्या ओ, पीसीचे गेम हातात खेळायचं यंत्र. रुपयात भाव, यूपीआयनं पैसे, विचर तिथं कितीतरी सुंदर.

जुळे_सोलापूर
रुपयात गेम मिळतात, यंत्र नाही. ते इथं अधिकृत विकत नाहीत, आयातीचं घ्यावं लागतं. आणि त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

उन्हाळ्याचं कुणी बोललंच नाही. निन्टेन्डो वापरासाठी ५ ते ३५ अंश सांगतं, आपल्याकडं मे महिन्यात दुपारी ४० च्या वर. वरच्या कडेची जाळी कव्हरनं झाकू नका, चार्जिंगला लावून खेळू नका, बंद गाडीत ठेवून तर अजिबात जाऊ नका. पॉवर बँक घ्याल तर पीडीवाली (पॉवर डिलिव्हरी, जास्त ताकदीनं चार्ज करणारी), १८ वॉटच्या वरची. साध्या ५ व्होल्टवाल्यावर जड गेम चालू असताना टक्के वाढायच्या ऐवजी हळूहळू उतरूही शकतात.

पार्क_चौक
पीसी नाही. डेमो उतरवतोय. विचरचं कार्ट्रिज वापरलेलं मिळालं तर बघू.

मेकॅनिकी_चौक
बघा. मिळालं तर पहिल्यांदा 'क्वेन' हे ढालीसारखं जादूचं चिन्ह शिका. ते लावून लढलात की शत्रूचा एक फटका वाया जातो, गाडीतही जमतं.

शेंगाचटणी
दोन घेतले तरी आधी ड्रॅगन क्वेस्टच लावतील, लिहून ठेवा.