मिचुरिनला लिसेंकोच्या पापात किती काळ ओढणार?

माळरान: "मिचुरिन हा लिसेंकोचा गुरू आणि त्याच्याइतकाच भोंदू," असा निकाल काल या चर्चामंचावर एका ओळीत दिला गेला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मिचुरिन हा रशियातील फळझाडांच्या नव्या जाती तयार करणारा बागायतदार; लिसेंको हा आनुवंशिकी नाकारून परिस्थितीने घडवलेले गुण पुढच्या पिढीत उतरतात असे सांगणारा सोव्हिएत कृषितज्ज्ञ. रशियातील कोझलोव गावी रेल्वेत कारकुनी करून आणि घड्याळे दुरुस्त करून मिचुरिन आपली बाग चालवत असे. दक्षिणेकडील नाजूक जाती काटक खुंटांवर, म्हणजे मुळे असलेल्या खालच्या झाडांवर, बांधल्या की त्याही थंडीला सरावतील, ही मॉस्कोच्या ग्रेल या बागायतदाराची शिकवण त्याने अनेक वर्षे पाळली. कडक हिवाळ्याने कलमे मारली तेव्हा ती शिकवण सोडून त्याने दूरदूरच्या प्रदेशांतील जातींचा संकर आरंभला. अतिपूर्वेकडील उसुरी प्रदेशाची रानटी नासपती आणि युरोपातील गोड नासपती यांच्या संकरातून 'बेरे झिम्न्याया' ही जात आली. सुपीक मातीत रोपे लाडावतात म्हणून 1900 च्या सुमारास त्याने बागच निकस जमिनीत हलवली. भोंदू स्वतःची चूक अशी उपटून टाकतो काय?

गुणसूत्र: अर्धीच उपटली. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम फळझाडांना लागू पडत नाहीत, असे तो दीर्घकाळ मांडत राहिला. कोवळ्या संकरित रोपावर जुन्या जातीची काडी बांधून त्याला 'वळण' लावण्याची त्याची मेंटॉर पद्धत तर लिसेंकोच्या हाती दिलेले कोलीतच होते. शिवाय सोव्हिएत पुस्तकांनी जिचे गोडवे गायले, ती सहाशे ग्रॅमी आंतोनोव्का ही सफरचंदाची जात एका फांदीत आपोआप झालेल्या बदलातून मिळाली होती.

देवगडकर: खुंटाचा काडीवर परिणाम होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कलम बांधलेले नसते. आमच्या आजोबांनी एकाच हापूसच्या काड्या दोन रायवळ खुंटांवर बांधल्या होत्या आणि दोन्ही झाडांच्या आंब्यांची गोडी शेवटपर्यंत निराळी राहिली.

गुणसूत्र: वाढ, बहर, फळाचा आकार यांवर खुंटाचा परिणाम होतो, हे कोण नाकारते? प्रश्न आनुवंशिकतेचा आहे. आजोबांच्या आठवणीला प्रयोग म्हणू नये.

देवगडकर: आजोबांचा उल्लेख जपून करावा. आपण बहुधा कुंडीत मोगरा लावला असेल!

सात वर्षे वाया: विषय निघालाच आहे तर सांगतो. एका रोपवाटिकेने मला हापूस म्हणून दिलेल्या वीस कलमांना सात वर्षांनी रायवळ आंबे लागले. हीदेखील मेंटॉर पद्धतच समजावी काय?

देवगडकर: आपली काडी मेली आणि खालून खुंट फुटला. तो फुटवा दरवर्षी काढायचा असतो. हे न पाहता सात वर्षे पाणी घातले, हा दोष एकट्या विक्रेत्याचा नव्हे.

माळरान: कृपया कोकणातून कोझलोवला परत यावे. 1920 मध्ये मिचुरिनच्या बागेला भेट देऊन त्याच्या कामाची सरकारदरबारी शिफारस करणारा सोव्हिएत वनस्पतिशास्त्रज्ञ वाव्हिलोव स्वतः आनुवंशिकीचा पुरस्कर्ता होता, आणि पुढे 1943 मध्ये तोच सारातोवच्या तुरुंगात मेला. मिचुरिन 1935 मध्येच वारला. 'मिचुरिनी जीवशास्त्रा'च्या नावाने लिसेंकोच्या पुढाकाराने 1948 मध्ये सोव्हिएत संघात आनुवंशिकीवर जी बंदी आली, तिचा जाब थडग्याला विचारता येत नाही.

गुणसूत्र: ठीक आहे, 'भोंदू' हा शब्द अन्यायकारक आहे, एवढे मान्य करतो. नासपतीचे श्रेय त्याला, मेंटॉरचे अपश्रेयही त्यालाच.

देवगडकर: खुंटाबद्दल मी एक अक्षरही मागे घेत नाही.