काळा घोडा महोत्सवातील मांडणशिल्पे: ज्येष्ठ आणि मूल बरोबर असताना कधी व कशी पाहावीत?

पेठेतली_वाचक

नमस्कार मंडळी. मुंबईच्या काळा घोडा कला महोत्सवात रस्त्यावर उभारली जाणारी मांडणशिल्पे (इन्स्टॉलेशन) पाहण्यासाठी यंदा पुण्याहून जाण्याचा विचार आहे. बरोबर शहात्तर वर्षांचे सासरे असतील; त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण चित्रकलेची आवड दांडगी आहे. शिवाय दहा वर्षांची मुलगी असेल, आणि तिला कोणत्याही वस्तूला हात लावून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. नृत्य-संगीताचे कार्यक्रम, कार्यशाळा, खरेदीचे स्टॉल यांत आम्हांला तूर्त रस नाही. उघड्यावरची शिल्पे निवांत पाहायची आहेत, एवढेच. ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांनी ‘फार गर्दी असते’ यापलीकडे काही सांगितले नाही, आणि समाजमाध्यमांवरची छायाचित्रे बहुतेक शिल्पापुढे उभ्या असलेल्या माणसांचीच असल्यामुळे शिल्पाचा काही अंदाज येत नाही. डेक्कन क्वीनने सकाळी जाऊन त्याच गाडीने संध्याकाळी परतावे, की मुक्काम करावा? कोणता वार बरा?

फोर्टातला_चाकरमानी

माझे कार्यालय फोर्टात असल्यामुळे महोत्सवाच्या दिवसांत त्या रस्त्याने रोजच जाणे-येणे होते, तेव्हा गर्दीबद्दल खात्रीने सांगू शकतो. १९९९ पासून भरणारा हा महोत्सव पूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असे. अलीकडे तो जानेवारीच्या अखेरीकडे सरकला आहे (२०२४ साली २० ते २८ जानेवारी, २०२५ साली २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी). तो शनिवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्याच्या रविवारी संपतो, म्हणजे नऊ दिवसांत दोन शनिवार आणि दोन रविवार येतात. हे चार दिवस तुमच्यासाठी वर्ज्य समजा, आणि २६ जानेवारी मध्ये येत असेल तर तोही. शेवटच्या रविवारी संध्याकाळी तिथे माणूस चालत नाही, मागचे लोक त्याला पुढे सरकवतात.

शिल्पे मुख्यतः के. दुभाष मार्गावर, म्हणजे जुन्या रॅम्पार्ट रोवर असतात. महोत्सवापुरता तो रस्ता वाहनांना बंद करतात आणि त्याची लांबीही फार नाही, त्यामुळे सासऱ्यांना चालण्यापेक्षा उभे राहण्याचाच त्रास अधिक होईल. सीएसएमटीहून सरळ टॅक्सी करा. भुयारी मेट्रोने हुतात्मा चौक तिथून एकच स्थानक पुढे आहे हे खरे, पण खाली उतरून पुन्हा वर येईपर्यंत जेवढे चालावे लागते, तेवढ्यातच त्यांचे गुडघे बोलू लागतील. डेक्कन क्वीन १०.२५ ला पोहोचते. अकरा ते एक हा वेळ रस्ता सर्वांत मोकळा असतो. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्यासारखे कार्यालयीन लोक बाहेर पडतात, आणि पाचनंतर तर विचारूच नका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण सासरे विचारतीलच. चौकात दिसणारा बिनस्वाराचा काळा घोडा कायमस्वरूपी आहे, तो २०१७ साली बसवला. ज्याच्यावरून या भागाला नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली इथून हलवला. तो भायखळ्याला राणीच्या बागेत आहे.

जेजेची_माजी_विद्यार्थिनी

वाराबद्दल सहमत आहे, पण सकाळी पाहून ५.१० च्या डेक्कन क्वीनने परतणे मला मुळीच पटत नाही. अनेक शिल्पांत आतून दिवे बसवलेले असतात, आणि दुपारच्या कडक उन्हात नुसता जाळीचा पिंजरा वाटणारे काम दिवे लागल्यावर आपला खरा आकार दाखवते. उलट रद्दीच्या लगद्याची किंवा बाटल्यांच्या झाकणांची कामे दिवसाच पाहावीत. संध्याकाळी त्यांचा पोत हरवतो आणि नुसता रंग उरतो. त्यामुळे शक्य असेल तर एका रात्रीचा मुक्काम करा. पहिल्या दिवशी साडेसहाच्या सुमारास, सूर्य मावळत असताना, एक फेरी मारा. गर्दी असेल, म्हणून त्या वेळी फक्त नजर फिरवून कोणती दोन-तीन कामे सासऱ्यांना सावकाश पाहावीशी वाटतात ते ठरवा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढ्यांसाठीच या. सगळी शिल्पे पाहून काढण्याचा अट्टहास करू नका. खरे सांगायचे तर त्यांतली काही निव्वळ छायाचित्रासाठी मांडलेली सजावट असते आणि तिला अर्धा मिनिटही पुरतो.

मी विद्यार्थिदशेत अशा उभारणीला हातभार लावला आहे, म्हणून मुलीसाठी एक सुचवते. तिला प्रत्येक शिल्पाच्या पायथ्याशी बसून पाहायला सांगा. डांबरी रस्ता खोदता येत नाही, तेव्हा आम्ही लोखंडी सांगाड्याला खाली रुंद बैठक जोडत असू, तिच्यावर वाळूची पोती रचत असू आणि ती दिसू नयेत म्हणून वरून कापड किंवा प्लायचे खोके चढवत असू. कापडाचे काम असेल तर आणखी वजन लागते, कारण समुद्र जवळ असल्याने वारा सुटला की ते शिडासारखे फुगते आणि सांगाड्याला ओढू लागते. विजेची वायर कुठून आत शिरते, वेल्डिंगचे टाके कुठे आहेत, हे शोधायला मुलांना फार आवडते, आणि तेवढ्या वेळात आजोबांना शांतपणे वर पाहता येते.

हात लावण्याबद्दल: काही कामे फिरवण्यासाठी, ओढण्यासाठी किंवा आत शिरण्यासाठीच केलेली असतात, काही अजिबात नाहीत, आणि नुसते पाहून हे ओळखता येईलच असे नाही. कलाकाराचे नाव आणि माध्यम लिहिलेला फलक वाचावा, तरी उलगडा झाला नाही तर जवळच्या स्वयंसेवकाला विचारावे. पुष्कळदा कलाकार स्वतःच तिथे घुटमळत असतो आणि कोणी विचारले तर खुलून सांगतो. शेवटच्या दिवसांपर्यंत लहान मुलांच्या हाताच्या उंचीवरचा रंग उडालेला असतो, चिकटवलेले भाग निघालेले असतात. म्हणून गुरुवारपेक्षा मंगळवार बरा.

मांडवीकाठ

गर्दीचीच धास्ती असेल तर पणजीचाही विचार करा. २०१६ पासून डिसेंबरात तिथे सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. जुन्या गोवा मेडिकल कॉलेजचे आवार, कला अकादमी अशा ठिकाणी तो पसरलेला असल्यामुळे माणसे एकाच रस्त्यावर कोंडत नाहीत. मात्र तिथले बरेचसे काम जुन्या इमारतींच्या आत असते आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जावे लागते, तेव्हा निव्वळ उघड्यावरची शिल्पे आणि कमी चाल हवी असेल तर काळा घोडाच सोयीचा.

पेठेतली_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी दुपारी पोहोचून मंगळवारी संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असे ठरवत आहोत. आता फक्त बसण्याचा आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न उरतो, कारण सासरे सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त उभे राहू शकणार नाहीत.

फोर्टातला_चाकरमानी

रस्त्यावर बसण्याची सोय आहे असे धरून चालू नका. घडीचे हलके स्टूल बरोबर आणलेत तर कोणी हरकत घेणार नाही. जहांगीर कलादालन त्याच परिसरात आहे, प्रवेश विनामूल्य आहे आणि ते अकराला उघडते. मंगळवारी सकाळी थोडा वेळ शिल्पे, मग जहांगीरमध्ये विसावा, मग पुन्हा शिल्पे असा क्रम ठेवा. शेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहा ते सहा उघडे असते. त्याला तिकीट लागते, पण आत बाग आहे, सावली आहे आणि स्वच्छतागृहही आहे, तेव्हा दुपारचे ऊन तिथे काढावे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय पाहायचे असेल तर तेही मंगळवारीच पाहा, सोमवारी ते बंद असते.

सोमवारी संध्याकाळच्या फेरीसाठी आणखी एक तोडगा आहे. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत महोत्सवातील साहित्याचे कार्यक्रम होतात आणि तिथे श्रोत्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या असतात. तुम्हांला त्या कार्यक्रमांत रस नाही हे लक्षात आहे, पण सासरे तिथे बसले तर तुम्ही दोघी दिवे लागलेली शिल्पे पाहून येऊ शकाल, आणि त्यांना फक्त त्यांच्या आवडीच्या कामापाशी न्याल.

जेजेची_माजी_विद्यार्थिनी

स्टूल जरूर आणा. फक्त शिल्पाला अगदी खेटून मांडू नका. दहा-बारा पावले मागे, दुकानांच्या बाजूला बसले की सबंध काम नजरेत मावते आणि छायाचित्रे काढणारेही मध्ये येत नाहीत.