मदत हवी आहे: पोल्ट्री शेडवरून फोन करून उठवणारं अलार्म युनिट कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रस्त्याला वळसंगच्या पुढे आमचं ब्रॉयलरचं ईसी शेड आहे, म्हणजे चारी बाजूंनी बंद, आतली हवा आणि तापमान यंत्रावर राखणारं. भाऊ आणि मी मिळून बघतो, राहायला मात्र सोलापुरात. रात्री शेडवर एक जोडपं असतं. माणसं फार चांगली आहेत, पण दिवसभर राबून झोपल्यावर पंख्यांचा आवाज बंद पडला म्हणून जाग येईलच असं नाही.

उघड्या शेडला लाईट गेली तर पडदे सोडून निभावतं. बंद शेडमध्ये हवा खेळते ती फक्त एक्झॉस्ट फॅनच्या जोरावर. ते थांबले की कूलिंग पॅडचाही उपयोग नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या वर जातो. त्या दिवसांत विक्रीला आलेला दोन किलोचा पक्षी अशा शेडमध्ये फार तग धरत नाही. आम्ही घरातून निघून पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. जनरेटर ऑटो आहे, पण त्याची बॅटरी उतरली किंवा डिझेलमध्ये हवा धरली तर ऑटो असून काय करणार?

म्हणून लाईट जाऊन जनरेटर लागला नाही, एखादी फेज गेली किंवा शेड तापलं, तर फोन यायला हवा. आधी शेडवर, मग भावाला, मग मला. ॲपचं नोटिफिकेशन नको. त्यानं रात्री दोनला कोणी उठत नाही, आणि शेडवरचं वायफाय लाईटबरोबरच जातं.

हाताशी एक जुनं डायलर युनिट आहे, म्हणजे अलार्म झाला की आपोआप फोन लावणारं. ओळखीतला एक बर्फाचा कारखाना बंद झाला, तिथून मिळालं. चार इनपुट, प्रत्येकाला दोन स्क्रू. मागे लँडलाइनची पिन बसते. निरोप आपल्या आवाजात रेकॉर्ड होतो. शेडवर फायबर आलंय आणि त्याच्या डब्याला फोनचं पोर्ट आहे. हे त्याला जोडावं, की सरळ सिमकार्डवालं घ्यावं? तापमानाचा अलार्म कितीवर लावता? आणि मला सगळ्यात जास्त घोर लागलाय तो याचा: युनिटच बंद पडलं तर ते आम्हाला कसं कळणार?

प्रतिसाद १

ताई, टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, त्यामुळे गावात अंधार असला तरी फोन चालायचा. फायबरच्या डब्याला तुमच्याच शेडची लाईट लागते. म्हणजे लाईट गेल्याचं सांगणारा फोनच लाईटबरोबर मरणार. त्या डब्याला राउटरचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. डब्याची पट्टी वाचून व्होल्टेज जुळवून घ्या.

दुसरं म्हणजे नंबर भरताना मोबाइल नंबराच्या आधी शून्य घाला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्याशिवाय फोन लागत नाही, आणि तुमचं युनिट त्याच्या आधीचं असणार. डायलिंग पल्सवर असेल तर टोनवर घ्या. फायबरचे बरेच डबे पल्स ओळखत नाहीत.

प्रतिसाद २

मी पॅनेल वायरिंगची कामं करतो, बार्शीत. युनिट कुठलंही घ्या, खरा खेळ इनपुटचा आहे.

लाईटसाठी: २३० व्होल्टच्या कॉइलचा साधा रिले (विजेनं ओढला जाणारा स्विच) पंख्यांच्या पॅनेलवर बसवा, चेंजओव्हरच्या (लाईटवरून जनरेटरवर नेणाऱ्या स्विचच्या) पुढे. जनरेटर लागला तर रिले परत ओढला जातो, नाही लागला तर पडलेलाच राहतो. कॉन्टॅक्ट असा निवडा की सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं (क्लोज्ड) असेल. मग उंदरानं वायर कुरतडली तरी अलार्मच होईल. उलटं जोडलं तर तुटलेली वायर गप्प बसते. युनिटमध्ये एक-दोन मिनिटांचा डिले टाका, नाहीतर दर वेळी जनरेटर सुरू होईपर्यंतच फोन येईल आणि चार दिवसांत कोणी उचलेनासं होईल.

फेज गेल्याचं त्या एका रिलेला कळणार नाही. त्याला फेज फेल्युअर रिले वेगळा, दुसऱ्या इनपुटवर. आणि २३० व्होल्ट चुकूनही युनिटच्या स्क्रूपर्यंत जाऊ देऊ नका, तिथे नुसता कोरडा कॉन्टॅक्ट जायचा, म्हणजे ज्यात स्वतःचं व्होल्टेज नाही असा.

प्रतिसाद ३

आमचंही ईसी शेड आहे, मोहोळ तालुक्यात. तापमानाचं सांगतो. लाईट असून पंखे थांबू शकतात, कंट्रोलर अडकू शकतो, बेल्ट तुटू शकतो. तेव्हा शेवटचा साक्षीदार तापमानच. सेन्सर पक्ष्याच्या उंचीवर आणि पंख्यांच्या टोकाला लावा, पॅडजवळ नको. पॅडजवळ हवा नेहमीच गार लागते.

एकच आकडा धरून बसू नका. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ब्रूडिंगला (ऊब द्यायला) ३२-३३ अंश लागतात. ३२ वर अलार्म लावला तर रात्रभर फोन येईल, आणि वैतागून कोणीतरी वायर काढून ठेवेल. मी आठवड्याच्या आठवड्याला त्या वयाच्या सेट तापमानाच्या पाच अंश वर लावतो. पिल्लं असताना कमी तापमानाचाही अलार्म चालू ठेवतो. आपल्याकडची थंडी कमी वाटते, पण डिसेंबरातली पहाट पिल्लांना सोसत नाही.

सिमवालं घेणार असाल तर ४जी व्होल्टीई (४जीवरूनच फोन लावणारं) आहे ना, हे विचारूनच घ्या. बाजारातली स्वस्त युनिट २जीची असतात आणि जिओला २जी नाहीच. पत्र्याच्या आत रेंज पडते, म्हणून अँटेना वायरीनं बाहेर काढा. सिमचा पिन लॉक काढा आणि रिचार्ज संपायची तारीख भिंतीवर लिहा. रिचार्ज संपला की युनिट हिरवा दिवा लावून बसतं आणि फोन जात नाही.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. शून्याचं आणि डब्याच्या लाईटचं वाचून भावाला लगेच फोन केला. चेंजओव्हरच्या पुढे रिले, हेही पॅनेलवाल्याला दाखवते.

ठरवलंय असं की जुनं युनिट फायबरवर, यूपीएससकट ठेवायचं, आणि बॅच निघाल्यावर ४जीचं दुसरं त्याच रिलेच्या वेगळ्या कॉन्टॅक्टवर. एक रस्ता बंद झाला तर दुसरा असेल.

पण फोन उचलला गेला हे युनिटला कसं कळतं? "आपण डायल केलेला क्रमांक संपर्क क्षेत्राबाहेर आहे" ही टेप वाजली की ते उचलला असं समजून गप्प बसेल का?

प्रतिसाद १

बरोबर विचारलंत. उचलणाऱ्यानं बटण दाबून पोच द्यायची सोय युनिटमध्ये असते, ती चालू करा. पोच मिळाली नाही तर ते पुढच्या नंबरला जाईल आणि यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून. त्या टेपला बटण दाबता येत नाही. दोन्ही युनिटचे नंबर तिघांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून आवडत्या यादीत टाका आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये त्या यादीला सूट द्या.

युनिट जिवंत आहे का, याला उपाय एकच. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्यानं स्वतःहून चाचणीचा फोन करायचा. तशी सोय नसेल तर भिंतीवरचा टायमर स्विच चौथ्या इनपुटला एका रिलेमार्फत जोडा. सातला फोन आला नाही, तर झोपायच्या आधी शेडवर फोन लावायचा.

धागाकर्ती

चौथा इनपुट मोकळाच आहे. टायमर उद्या नव्या पेठेतून आणते. वायरिंग झालं की बार्शीच्या दादांसाठी फोटो टाकते, कॉन्टॅक्ट उलटा लागलाय का तेवढं बघून सांगा.