फेडरल प्रॉसिक्युटरची नोकरी घ्यावी का? आत राहून आलेल्यांनी सांगा

उंबरठ्यावर_उभी

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, जरा लांबेल तर सांभाळून घ्या.

मी अमेरिकेत एका मोठ्या लॉ फर्ममध्ये चार वर्षं लिटिगेशन (खटल्यांचं काम) करतेय. चार वर्षांत कोर्टात उभं राहून बोलायची वेळ दोनदा आली आणि त्यातली एक नुसती तारीख वाढवून मागायला. बाकी सगळं कागद वाचणं आणि मेमो लिहिणं. गेल्या वर्षी सिटिझनशिप झाली (त्याशिवाय ही नोकरी मिळत नाही) आणि लगेच आमच्या डिस्ट्रिक्टच्या यू.एस. ॲटर्नी ऑफिसमध्ये, क्रिमिनलला, असिस्टंट यू.एस. ॲटर्नीच्या (म्हणजे केंद्र सरकारच्या बाजूने खटला चालवणारा वकील, फेडरल प्रॉसिक्युटर) जागेसाठी अर्ज टाकला. दोन राउंड झालेत, तिसरा येत्या गुरुवारी.

बाबा म्हणतात एवढा पगार सोडून सरकारी वकील कशाला व्हायचं. पगाराचं मी बघून घेईन, तो प्रश्न नाहीये. प्रश्न वेगळा आहे. लॉ स्कूलमध्ये असताना एका उन्हाळ्यात मी एका फेडरल जजच्या चेंबरमध्ये इंटर्न होते. तिथे एक शिक्षा सुनावताना बघितली, मुलगा माझ्याच वयाचा, मेथ या ड्रगची केस, मागची बाकं त्याच्या घरच्यांनी भरलेली. जजसाहेब सरळ म्हणाले की माझ्या हातात असतं तर मी एवढी दिली नसती पण कायदा मला १० वर्षांच्या खाली जाऊ देत नाही. त्या मुलाची आई काही बोलली नाही, नुसती त्याची जॅकेट मांडीवर घेऊन बसली होती. आणि मी बघत होते सरकारच्या टेबलाकडे. तिथला वकील खाली मान घालून कागद नीट लावत होता.

उद्या त्या टेबलाशी मी असणार. मला कोर्टात उभं राहायचंय, ट्रायल करायच्यात, ज्यांचे आयुष्यभराचे पैसे फसवून नेले अशा लोकांसाठी काही करायचंय, हे सगळं मनापासून आहे. पण ते चित्र डोक्यातून जात नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी खरं खरं सांगा, त्या वकिलाच्या हातात काही असतं का? की तोही नुसता कागद लावणाराच?

जुनं_टेबल

अगं, हातात असतं, आणि खूप असतं, म्हणून तर एवढं लिहायला बसलोय. मी हे काम ११ वर्षं केलं, दोन वेगवेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये, आता बाहेर आहे.

तू जे बघितलंस ना त्या दिवशी कोर्टात काहीच ठरलं नव्हतं. ते ठरलं होतं त्याच्या कितीतरी महिने आधी, एका छोट्या ऑफिसात, दार लावून, कीबोर्डवर. शुद्ध मेथ ५० ग्रॅम किंवा जास्त असं इंडाइटमेंटमध्ये (आरोपपत्रात) लिहिलं की १० वर्षं किमान. तेच ५ ग्रॅमचं कलम लावलं तर ५. आकडाच न लिहिता नुसतं विकण्याच्या उद्देशाने बाळगलं असं लावलं तर किमान काही नाही, मग जज मोकळा. आणि त्या माणसावर आधीची गंभीर ड्रगची शिक्षा असेल तर प्रॉसिक्युटर एक कागद फाइल करू शकतो, आम्ही त्याला ८५१ म्हणतो, तो पडला की १० चे १५ होतात. २०१८ च्या फर्स्ट स्टेप ॲक्टच्या आधी तर २० व्हायचे. तो कागद फाइल करायचा की नाही हे जज ठरवत नाही, प्रॉसिक्युटरच्या बाजूनेच ठरतं. मर्यादेच्या खाली यायचे रस्तेही दोनच, एक सेफ्टी व्हॉल्व्ह, ज्याच्यावर मागचा फारसा रेकॉर्ड नाही त्याच्यासाठी, आणि दुसरा म्हणजे त्या माणसाने मदत केली असं सरकारनेच कोर्टाला लिहून देणं. म्हणजे दुसऱ्या रस्त्याची किल्लीसुद्धा आपल्याच खिशात. फेडरलमध्ये पॅरोल नाही, १९८४ च्या कायद्याने गेला, त्यामुळे चांगल्या वागणुकीची वगैरे सूट सोडली तर बहुतेक वर्षं आतच जातात.

त्यामुळे तो वकील कागद लावत होता ते तू बघितलंस, पण त्याचं खरं काम तुला दिसलंच नाही.

आता रोजचं सांगतो. एजंट येतो फाइल घेऊन, एफबीआय असेल, डीईए (ड्रगवाले), आयआरएसवाले (टॅक्सवाले), पोस्टाचे इन्स्पेक्टर (यांना कमी समजू नकोस, फसवणुकीच्या केसेस यांच्याइतक्या नीट बांधणारे मी फार कमी बघितले). एजंटने त्या केसवर वर्ष घालवलेलं असतं, त्याला तुझ्याकडून हो हवं असतं. तुझं पहिलं काम म्हणजे नाही म्हणता येणं. पुरावा पुरत नाही, किंवा पुरतो पण ही केस फेडरलमध्ये आणायची गरज नाही, राज्याचा डीए (तिथला सरकारी वकील) बघेल. फर्ममध्ये तुला हो म्हणायची सवय लागली असणार, क्लायंट मोठा असतो. इथे क्लायंट म्हणजे देश, आणि त्याचा फोन येत नाही. हे वाचायला सोपं वाटतं पण पहिली दोन वर्षं मला रात्री झोप लागायची नाही, कारण चूक झाली तर सांगणारं कोणी नाही.

मग ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणारी साधी माणसं. १६ ते २३ जण, त्यातल्या १२ जणांनी हो म्हटलं की इंडाइटमेंट. आत जज नाही, आरोपीचा वकील नाही, फक्त तू, साक्षीदार, टायपिस्ट. तू जे दाखवशील ते त्यांना दिसतं. मी नवीन होतो तेव्हा एका सीनियर बाईंनी सांगितलेलं की आत जाताना असं समज की आरोपीची आई मागच्या खुर्चीत बसलीय. बसलेली नसते, पण समज.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेडी. तुला माहितीच आहे, १९६३ चा निकाल, आरोपीच्या फायद्याचा पुरावा सरकारने दिलाच पाहिजे. परीक्षेत लिहायला दोन ओळी. प्रत्यक्षात काय होतं सांगतो. माझं तिसरं वर्ष, दरोड्याची केस, ट्रायल सोमवारी. शनिवारी संध्याकाळी फाइल परत चाळताना एका डिटेक्टिव्हच्या वहीचं झेरॉक्स पान सापडलं, त्यात आमच्या मुख्य साक्षीदार बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या की चेहरा नीट दिसला नाही. नंतरच्या टाइप केलेल्या रिपोर्टमध्ये ते वाक्य नव्हतंच. ते पान माझ्याकडे दोन महिने पडलेलं होतं, मी वाचलं नव्हतं, ती चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही. त्याच रात्री आरोपीच्या वकिलाला पाठवलं. सोमवारी जजने ज्युरीला बाहेर ठेवून मला २० मिनिटं उभं केलं आणि जे बोलायचं ते बोलले, आणि प्रत्येक शब्द बरोबर होता. ट्रायल आठवडाभर पुढे ढकलली, नंतर ज्युरीने त्याला सोडलं. एजंट माझ्याशी वर्षभर धड बोलला नाही.

२००८ मध्ये सिनेटर टेड स्टीव्हन्सना दोषी ठरवलं होतं आणि २००९ मध्ये न्याय खात्यानेच स्वतः जाऊन केस रद्द करायला सांगितलं, कारण स्टीव्हन्सच्या बाजूचा पुरावा सरकारने दिलाच नव्हता, तेही आपल्या खात्यातल्या अनुभवी लोकांनी. त्यामुळे हे आपल्याकडून होणारच नाही असं मनात आणू नकोस. न्याय खात्याच्या इमारतीत भिंतीवर कोरलंय की नागरिकांना कोर्टात न्याय मिळाला की अमेरिका आपली बाजू जिंकली. त्या सोमवारी मी केस हरायला लागलो होतो आणि तेच वाक्य डोक्यात फिरत होतं.

देशमुखकाका_न्यू_जर्सी

मी वकील नाही पण ग्रँड ज्युरीवर होतो, दर आठवड्याला एक दिवस, दिवसाचे ५० डॉलर आणि जायचा यायचा खर्च. आत काय झालं ते सांगता येत नाही, ते कायमचं गुपित, सांगणारही नाही. पण एवढं सांगतो मुली, की तिथे बसलेली आम्ही सगळी साधी माणसं, कोणी शाळेत शिकवणारं, कोणी गोदामात काम करणारं, आणि आम्ही त्या तरुण वकिलांच्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवतो. आम्ही प्रश्न विचारला की काही जण नीट थांबून उत्तर द्यायचे, काही जण घड्याळ बघायचे. तू थांबणाऱ्यांतली हो.

दुसऱ्या_टेबलावरून

मी फेडरल डिफेंडर, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची वकील, १४ वर्षं झाली. जुनं_टेबल यांचं वाचलं, पटलं, ते पान पाठवणारे सगळे नसतात हे मी खात्रीने सांगते. पण त्यांनी एक गोष्ट सोडली म्हणून लिहितेय.

उंबरठ्यावर, तू ट्रायल ट्रायल म्हणतेस. फेडरलमध्ये दर १० दोषींपैकी ९ पेक्षा जास्त ट्रायल न होता गुन्हा कबूल करतात. का करतात ते बघ. माझ्या क्लायंटला पत्र येतं, या तारखेपर्यंत सही केलीस तर ५ वर्षांचं कलम, नाही केलीस तर १० चं लावू आणि ८५१ पण. मी ते पत्र घेऊन जेलमध्ये जाते, काचेच्या पलीकडून त्याला आकडे समजावते, आणि तो विचारतो ताई मी हे केलंच नसेल तर. याला उत्तर काय द्यायचं. पुराव्याची अर्धी कागदपत्रं मी अजून बघितलेली नसतात आणि पत्रावरची तारीख शुक्रवारची असते. तू म्हणशील ऑफर देणं ही मेहेरबानी आहे. देणाऱ्याला तसं वाटतं, मान्य आहे, पण काचेपलीकडे बसलेल्याला ती मानेवर ठेवलेली सुरी वाटते.

दुसरं, हे सगळं स्वातंत्र्य तुझं एकटीचं नसतं. कुठलं कलम लावायचं याची पॉलिसी वॉशिंग्टनमधून येते आणि ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचा प्रमुख) बदलला की ती बदलते. २००३ मध्ये ॲशक्रॉफ्टनी सांगितलं सगळ्यात गंभीर कलम लावा, २०१३ मध्ये होल्डरनी सांगितलं छोट्या ड्रगवाल्यांवर ग्रॅमचा आकडा लिहूच नका, २०१७ च्या मे मध्ये सेशन्सनी ते फिरवलं, २०२२ च्या डिसेंबरमध्ये गार्लंडनी पुन्हा उलट, आणि त्यानंतरही परत बदललं. तोच गुन्हा, तेवढेच ग्रॅम, फक्त अटक कुठल्या वर्षी झाली यावर माणसाची वर्षं ठरतात. माझ्याकडे दोन सख्खे भाऊ होते, एकाची केस २०१६ ची आणि दुसऱ्याची २०१८ ची, पुढचं सांगत नाही. तुला न पटणारी पॉलिसी आली तर तू काय करणार याचा विचार नोकरी घ्यायच्या आधी कर.

एवढं बोलूनही माझं मत असं आहे की तू जा. मनापासून सांगतेय. जिच्या डोक्यातून ती जॅकेट जात नाही अशी बाई मला समोरच्या टेबलावर हवीय. माझ्या डिस्ट्रिक्टमध्ये एक आहे तशी, मी फोन केला की उचलते, क्लायंटच्या आजाराचे कागद दिले तर खरंच वाचते, जामिनाला विनाकारण आडवी येत नाही, आणि कोर्टात माझ्याशी तुटून भांडते. तिच्याविरुद्ध मी चार ट्रायल केल्या, तीन हरले. तिचं नाव केसवर दिसलं की क्लायंटला सांगते, ही कडक आहे पण लपवणार नाही. हे वाक्य मला फार थोड्या जणांबद्दल बोलता येतं.

फॉर्म_भरून_थकलेला

वरच्या मोठ्यांनी मोठं सांगितलंय, मी फक्त कामाचं सांगतो कारण मी दीड वर्षापूर्वी यातून गेलोय. सिलेक्शन झालं म्हणजे झालं असं नाही, बॅकग्राउंड चेकला महिने लागतात. एसएफ-८६ नावाचा फॉर्म आहे, राहिलेले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, परदेशातले नातेवाईक, परदेश प्रवास, आपल्यासारख्यांचा तो परदेशवाला भागच इतका लांब होतो की विचारू नका, आत्ताच आईला फोन करून मामा मावश्यांची माहिती गोळा करायला घे. गांजाबद्दल विचारतात, तुमच्या राज्यात कायदेशीर असला तरी फेडरलमध्ये नाही, जे असेल ते खरं लिहायचं, केलेल्यापेक्षा लपवलेलं जास्त महागात पडतं. फर्मचा राजीनामा सगळं क्लिअर झाल्याशिवाय देऊ नकोस. लोन असेल तर सरकारी नोकरीत १२० हप्ते भरल्यावर उरलेलं फेडरल लोन माफ होण्याची स्कीम आहे, कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेव.

उंबरठ्यावर_उभी

मी सगळं दोनदा वाचलं, काकांचं तर तीनदा. दुसऱ्या_टेबलावरून ताई, त्या दोन भावांचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. जुनं_टेबल दादा, एकच विचारते, गुरुवारी मी त्यांना ८५१ बद्दल विचारलं तर चालेल का? की वाटेल ही अजून आली नाही तर प्रश्न विचारते?

जुनं_टेबल

विचारच. असं विचार की इथे ८५१ फाइल करायचा निर्णय केस चालवणारा घेतो की सुपरवायझर, आणि मागच्या वेळी कोणी नाही म्हटलं तेव्हा काय झालं. उत्तर देताना ते एकमेकांकडे बघतात की तुझ्याकडे, ते नीट बघ. आणि तेही तुला विचारणार, जवळजवळ सगळीकडे विचारतात, की ट्रायलच्या आदल्या रात्री तुझ्याच साक्षीदारावरचा विश्वास उडाला तर काय करशील. पाठ केलेलं उत्तर देऊ नकोस. त्या उन्हाळ्यात काय बघितलंस ते सांग, इथे लिहिलंस तसंच.

दुसऱ्या_टेबलावरून

जॅकेटचं पण सांग. आणि नोकरी लागली, आणि माझ्याच डिस्ट्रिक्टला आलीस, तर पहिल्या केसला फोन कर, कॅफेटेरियात भेटू, मग कोर्टात भांडू.

उंबरठ्यावर_उभी

हो ताई. शुक्रवारी लिहिते इथेच.