मेट्रोची 'लाइव्ह' वेळ आणि न येणारी गाडी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरातून निघताना पुढची मेट्रो किती मिनिटांत आहे ते दिसावं म्हणून दाराशेजारी एक छोटा स्क्रीन लावायची खटपट चाललीय. मेट्रोचा जीटीएफएस-रिअलटाइम फीड खुला आहे (जीटीएफएस म्हणजे वेळापत्रकांचा ठरलेला डेटा-साचा, रिअलटाइम म्हणजे त्यातल्या गाड्यांची ताजी माहिती). दर ३० सेकंदांनी तो ओढतो, त्यातून माझ्या स्थानकाच्या गाड्या गाळून घेतो आणि येण्याच्या वेळेतून आत्ताची वेळ वजा करतो. इथवर ठीक.

माझं स्थानक मार्गावरचं दुसरंच, गाडी सुटते त्याच्या लगेच पुढचं. स्क्रीनवर ४ मिनिटं, ३ मिनिटं, २ मिनिटं असं उतरत येतं आणि एकदम ७ होतं, नाहीतर गाडी गायबच. फलाटावरच्या पाटीवर ही गाडी मुळात नसतेच! मधल्या स्थानकांचे आकडे लावून पाहिले, तिथे असा घोळ नाही. शिवाय रात्री १२ नंतरच्या गाड्या वेळापत्रकाशी जुळत नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
अहो, ती गाडी अजून सुटलेलीच नाही. ट्रिप अपडेटमध्ये (फीडमधल्या, फेरीच्या वेळा देणाऱ्या भागात) आलेली वेळ म्हणजे धावत्या गाडीचा अंदाज, असं गृहीत धरू नका. सुटायच्या आधी तिथे बऱ्याचदा नुसतं वेळापत्रक भरलेलं असतं. मोटरमन यायला उशीर झाला की आकडा उडी मारतो. त्याच ट्रिप आयडीची (फेरीच्या ओळखक्रमांकाची) व्हेइकल पोझिशन, म्हणजे गाडी आत्ता कुठे आहे ती नोंद, फीडमध्ये आहे का ते बघा. नसेल तर ती वेळ कागदावरची समजायची. न्यूयॉर्कच्या फीडमध्ये याच कामासाठी 'इज असाइन्ड' (फेरीला खरी गाडी नेमली आहे का) नावाचं वेगळं फील्ड आहे.

पण अशा गाड्या सरसकट गाळू नका. सुरुवातीच्या इतक्या जवळ राहता, तर गाडी सुटल्यावरच दिसेल आणि तोवर तुम्ही जिना उतरून पोचणार नाही. फिकट रंगात दाखवा.

प्रतिसाद २
रात्रीचं कोडं सोपं आहे. जीटीएफएसमध्ये दिवस मध्यरात्री संपत नाही, रात्री १.१० ची गाडी आदल्या दिवसाच्या खात्यात २५:१०:०० अशी लिहिलेली असते. ट्रिप आयडीबरोबर स्टार्ट डेटही (फेरी ज्या दिवसाच्या खात्यात आहे ती तारीख) जुळवा.

आणि फीडच्या हेडरमधला टाइमस्टँप (फीड कधी बनला ती वेळ) तपासताय ना? फीड गोठला तरी तुमची वजाबाकी चालूच राहते आणि स्क्रीन बिनधास्त '१ मिनिट' दाखवतो. टाइमस्टँप दीडेक मिनिटापेक्षा जुना असला की आकडे पुसून 'माहिती जुनी' लिहा. चुकीच्या आकड्यापेक्षा कोरी पाटी परवडली.

धागाकर्ता
दोघांचे आभार! तपासलं. उड्या मारणाऱ्या एकाही गाडीची व्हेइकल पोझिशन नव्हती. रात्रीच्या गाड्याही जुळल्या.

आता एकच उरलंय. सुटलेली, पोझिशन असलेली गाडीसुद्धा कधीकधी '२ मिनिटं'वर अडून बसते. टाइमस्टँप ताजा असतो.

प्रतिसाद १
ती खरोखरच बोगद्यात उभी असेल. भुयारात जीपीएस पोचत नाही. जुन्या सिग्नल यंत्रणेत ट्रॅक सर्किटवरून एवढंच कळतं की गाडी रुळाच्या अमुक तुकड्यात आहे. तुकड्याच्या तोंडाशी की टोकाशी, ते नाही. पुढची गाडी फलाट सोडेपर्यंत मागचीला सिग्नल मिळत नाही आणि अंदाज तिथेच थांबतो. सीबीटीसी (गाडीशी रेडिओवरून सतत संपर्क ठेवणारी नवी सिग्नल यंत्रणा) असलेल्या मार्गांवर जागा बरीच नेमकी कळते. तुमच्या मार्गावर कोणती यंत्रणा आहे?