"गेमवाल्यांनी रडगाणं बंद करावं", म्हणे!

धुकंधारी
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, की 'रेसिडेंट ईव्हिल' या झोंबींच्या भीतीदायक व्हिडिओ गेमवरच्या सहा सिनेमांनी मिळून शंभर कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, तेव्हा गेमवाल्यांनी 'सिनेमाने गेमची वाट लावली' हे रडगाणं आता बंद करावं. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.
गल्ला जमला, मान्य. पण १९९६च्या पहिल्या गेममध्ये खेळायला ख्रिस हा नायक घेतला तर जवळ सहाच वस्तू ठेवता यायच्या. किल्ली उचलायची तर गोळ्या पेटीत ठेवून या. सेव्ह करायला टाइपरायटरची रिबन, तीही मोजकी. आणि २००२च्या सिनेमात? गेममध्ये नसलेली कोण ती अॅलिस भिंतीवर पाय देऊन उडते आणि झोंबी कुत्र्याला हवेतच लाथ घालते. ती घाबरत नाही, तर मी कशाला घाबरू?

रिकामटेकडा
अहो, पेटीत गोळ्या लावत बसलेला माणूस तुम्ही दीड तास बघणार का? त्याच सिनेमातला माणसांचे तुकडे करणारा लेझरचा कॉरिडॉर आठवतोय? २००५ला चौथ्या गेममध्ये तसाच कॉरिडॉर आला. तेव्हा टाळ्या वाजवल्यात. आपला तो बाब्या.

शेवटची_गोळी
मला सिनेमाचा दिग्दर्शक अँडरसन याचा राग नाही, झोंबीपटांचा बाप रोमेरो याचं वाईट वाटतं. 'रेसिडेंट ईव्हिल'च्या दुसऱ्या गेमची जपानी जाहिरात ज्याच्याकडून करून घेतली, त्याचीच पटकथा सिनेमाला चालली नाही!
आणि दुसऱ्या एका भुताटकी गेमवरचा सिनेमा, 'सायलेंट हिल' (२००६). दिग्दर्शक गान्सने गेममधलं यामाओकाचं संगीत ठेवलं, राख पाडली, सगळं छान. पण पिरॅमिड हेड, तो पिरॅमिडसारख्या डोक्याचा राक्षस? तो 'सायलेंट हिल'च्या दुसऱ्या गेमचा नायक जेम्स याच्या अपराधी मनातून आलेला. सिनेमातली आई, रोज, बिचारी मुलीला शोधतेय, तिचा काय संबंध? दिसतो भारी, म्हणून आणला.

रिकामटेकडा
रोमेरोचं पटलं. बाकी चालू द्या.

जुनाखेळाडू
सिनेमाला कधीच जमणार नाही अशी गोष्ट म्हणजे जुन्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये खोली बदलताना दिसायचं ते दार. काळा पडदा, त्यात एकटं दार, कर्रर्र करत उघडतंय. पलीकडे काय आहे, माहीत नाही.

रिकामटेकडा
ते लोडिंग होतं हो! डिस्क वाचायला वेळ लागायचा, म्हणून दार दाखवायचे. 'सायलेंट हिल'चं धुकंही तसलंच, प्लेस्टेशन या गेमच्या मशीनला लांबचे रस्ते-घरं काढायला झेपत नव्हतं. तुम्ही मशीनच्या अडचणीची पूजा करताय.

जुनाखेळाडू
अडचण होती म्हणून भीती खोटी? माझ्याकडे गेम सेव्ह करायचं मेमरी कार्डच नव्हतं. रात्रभर कन्सोल चालू ठेवायचो, त्याच्या दिव्यावर रुमाल टाकून, घरात कळू नये म्हणून. एका सकाळी उठलो तर प्लग काढलेला. पुन्हा गेममधल्या त्याच वाड्यात, पहिल्या झोंबीपासून. ती भीती मला कोणी शिकवायची नाही.

रिकामटेकडा
ती भीती नव्हे, मनस्ताप. आणि ते कंट्रोल? वळायचं म्हणजे जागच्या जागी रणगाडा फिरवायचा. कॅमेरा कोपऱ्यात, झोंबी कॅमेऱ्याच्या मागे. त्याला कला म्हणायचं?

शेवटची_गोळी
हो! दिसत नाही, नुसती पावलं ऐकू येतात, हीच तर गंमत. दुसऱ्या गेमचा २०१९चा रीमेक चांगलाच आहे, पण कॅमेरा खांद्यामागे आला आणि ती गेली.

रिकामटेकडा
मी तो रीमेक अर्ध्यात सोडला. पाठलाग करणाऱ्या त्या धिप्पाड मिस्टर एक्सची पावलं ऐकून. बोला आता.

शेवटची_गोळी
म्हणजे तुम्हीही पावलांनाच घाबरलात. धन्यवाद.

धुकंधारी
धागा सिनेमांचा होता, मंडळी. दारं-खिडक्या पुरे.

रिकामटेकडा
सिनेमाचंच सांगतो. "गेमसारखा करा" म्हणून बोंबललात ना? २०२१ला केला. पहिल्या गेमचा वाडा आणि दुसऱ्याचं पोलीस स्टेशन, दोन्ही गेम एकाच रात्रीत कोंबले. गेममधले लिऑन, क्लेअर, जिल, सगळे हजर. आवडला?

धुकंधारी
...नाही. हजेरीपट वाचल्यासारखा वाटला. ठीक आहे, नुसतं 'तसंच्या तसं' करून भागत नाही, एवढं घ्या माझ्याकडून. तरीही लाथ माफ नाही.

रिकामटेकडा
उपकार झाले. @जुनाखेळाडू, प्लग कोणी काढला ते राहिलंच.

जुनाखेळाडू
बाबांनी. सीडी प्लेयर जोडायचा होता, पिक्चर बघायला.